घडी मोडलेला फ्रॉक

मी एक फ्रॉक. स्वतःबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं, पण सुरुवात जिला झोप लागत नव्हती तिच्यापासून करावी लागेल. ती निवांत झोपणारी बाई असती तर मी आजही गिरगावात एका माळ्यावर, फुटक्या इस्त्रीच्या शेजारी पडून असतो.

तिचं नाव पूर्वी. चिंचपोकळीला चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत राहते. नवरा विनीत बँकेत, सासू कालिंदी घरात, आणि मुलगी मनवा पहिलीत. त्या सकाळी मी त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर होतो, नुकताच धुतलेला, आणि आत चहा चालला होता.

"काल परत डोळ्याला डोळा नाही लागला," पूर्वी म्हणाली.

"आता काय झालं?" कालिंदीने विचारलं. त्या 'आता'मध्ये आधीच्या सगळ्या रात्री होत्या. गॅसचा नॉब, मनवाचा खोकला, लिफ्टची दोरी.

"शाळेत मनवाला कोणी म्हणालं, तुझी आई लोकांचे उतरलेले कपडे विकते, तर?"

"तर काय. विकतलंसच."

"आई, तुम्ही ना."

"अगो, खोटं बोलले तर भांडता येतं. खरं बोलले तर काय करतलंस?"

पूर्वीने कप खाली ठेवला. "ज्या दिवशी ती यावरून रडत घरी येईल ना, त्या दिवशी मी शटर ओढणार. आत्ताच सांगून ठेवते. माझ्या समाजसेवेचं ओझं तिने का उचलायचं?"

विनीत पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "दुकान अजून उघडलेलं नाहीये."

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

मी दोरीवर ठिबकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही बाई दुकान चालवणार. जी दुकान उघडण्याआधी बंद करायचा विचार करते, ती पुढचे मागचे सगळे विचार करते. असल्या बाईकडे कपडे सुरक्षित असतात.

आता माझ्याकडे वळू.

मी जन्मतःच जुना आहे. हे मी अभिमानाने सांगतो, कारण माझ्या जातीत फार थोड्यांना ते सांगता येतं. खोताच्या वाडीच्या जवळ एका घरात एक आजी होत्या. त्यांची जांभळी इरकली साडी, लाल काठाची. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवल्यामुळे ती घडीवरच विरली. आजी गेल्यावर सुनेला ती टाकवेना आणि नेसवेनाही. तिने ती गुणाजी मास्तरांकडे नेली. गुणाजी मास्तर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपी. त्यांनी साडी उजेडात धरली, विरलेल्या जागांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमचा ड्रेस विसरा वहिनी. पोरीचा फ्रॉक निघेल, आणि बरा निघेल."

तो मी. काठ घेराला आला, पदराचा तुकडा छातीवर आला. मास्तरांनी आत माया भरपूर ठेवली, कारण पोरी वाढतात आणि कापड वाढत नाही, हे त्यांना शिवणकामाच्या आधीपासून माहीत होतं.

माझी पहिली मालकीण शर्वाणी, त्या सुनेची मुलगी. तिने मला पाडव्याला घातलं, आत्याच्या साखरपुड्याला घातलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात घातलं आणि तिथे स्टेजवर नाच विसरून नुसती गोल गोल फिरत राहिली. घेर पुरेसा असला की नाच विसरला तरी चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. एकदा माझी उसवण करून मला खाली सोडलं. मग दुसऱ्यांदा सोडायला काही उरलं नाही. शर्वाणीच्या आईने मला घडी करून एका पिशवीत ठेवलं आणि पिशवी माळ्यावर गेली.

त्या पिशवीबद्दल सांगायलाच हवं. तुमच्याही घरी ती आहे. तिच्यात काय आहे असं विचारलं की उत्तर येतं, "कोणाला तरी द्यायचे आहेत." मी तिच्यात बराच काळ होतो. माझ्याबरोबर एक मुंजीचा सदरा होता, दोन परकर होते, एका पायाचा मोजा होता. आम्ही सगळे त्या 'कोणाला तरी'ची वाट बघत होतो. तो कोणीतरी कधी येत नाही. येतो तो फक्त दिवाळीचा साफसफाईवाला, आणि तो पिशवी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवून जातो.

पूर्वीही अशीच एक पिशवी घेऊन परळला गेली होती. तिकडच्या मोठ्या इस्पितळात बाहेरगावहून माणसं येतात. पेशंट आत असतो आणि घरचे बाहेर फुटपाथवर, चटई, स्टोव्ह आणि फाइल घेऊन. पूर्वीने तिथे एका बाईपुढे पिशवी धरली. ती बाई लहान मुलाच्या डोक्याला रुमाल बांधत होती. तिने पिशवीकडे बघितलं, मग पूर्वीकडे, आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, "ताई, कपडे रोज कोणी ना कोणी देऊन जातं. ठेवायला जागा नाही. तुमच्या ओळखीत कुठे खोली आहे का? पोराला रात्री गार लागतं."

पूर्वीच्या ओळखीत खोली नव्हती. ती पिशवी घेऊन परत आली. वाटेत तिने पिशवीकडे इतक्या रागाने बघितलं म्हणतात की आतल्या परकरांनाही ते जाणवलं. घरी येऊन ती म्हणाली, "लोकांकडे कपडे आहेत. त्यांना खोली हवी आहे. मधलं काहीतरी मी करायला पाहिजे." आणि लगेच, "पण मी कोण? मला तर साधं भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही."

मधलं काहीतरी म्हणजे दुकान. लोक कपडे देतील, ज्यांना हवा ते विक्रीतला अर्धा वाटा घेतील, ज्यांना नको ते सोडतील, आणि जे उरेल त्यातून परळला खोली. संस्था रीतसर नोंदवली गेली, कारण रीतसर नसलेल्या गोष्टीने विनीतच्या अंगावर पित्त उठतं. जागा अप्पांनी दिली. अप्पा म्हणजे लालबागच्या एका गल्लीतल्या गणपती मंडळाचे जुने कार्यकर्ते. मंडळाचा एक गाळा होता. उत्सवाचे दिवस सोडले तर वर्षभर त्यात मखराचे खांब, दिव्यांच्या माळा आणि उंदीर. उंदीर खरेखुरे.

"गाळा घे पोरी," अप्पा म्हणाले. "भाडं नको. आषाढात रिकामा करून द्यायचा, अनंत चतुर्दशी झाली की परत तुझा. फक्त उंदरांचं तू बघ, ते आमचं ऐकत नाहीत."

कपडे गोळा करायला कालिंदीने बहिणीला फोन केला. बहीण कमल, गिरगावात राहते, पूर्वीची कमलमावशी. ती वाडीत दारोदार फिरली, पण माळ्यावरची पिशवी खाली काढली ती एकट्या शर्वाणीच्या आईनेच, आणि तिच्यात टांगण्याजोगा होतो तो मीच. असा मी चिंचपोकळीच्या दोरीवर आलो. बाकीचे सगळे कपडे लालबाग, चिंचपोकळीच्याच इमारतींमधून आले होते. हा फरक तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही.

दुकानाला पूर्वीने एक इंग्रजी नाव दिलं होतं. मी ते सांगत नाही, तिला अजून लाजल्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी एक आजोबा पाटी वाचून औषधाचं दुकान समजून आत आले आणि रक्तदाबाची गोळी मागून गेले.

देणाऱ्यांची रांग लागली. लोक देतात, खूप देतात. बाही नसलेला कुर्ता देतात, ब्लाउज नसलेली साडी देतात, साडी नसलेला ब्लाउजही देतात. वर म्हणतात, "चांगला आहे, फक्त चेन बदलावी लागेल." मग दाराशी जमना येऊन उभी राहिली. जमना म्हणजे त्या भागातली बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, जुने कपडे घेते आणि बदल्यात टोप, डबे देते.

"ओ ताई, ये क्या लगाया तुमने," ती म्हणाली. "मी एका पैठणीला कढई देते. तुम्ही फुकटात घेता. माझं गिऱ्हाईक तुमच्याकडे कशाला येतंय मला समजत नाय."

"खरंय तुमचं," पूर्वी म्हणाली. तिला घासाघीस करता येत नाही, हे मी सांगितलंच.

"खरंय म्हणून काय होतं? काहीतरी बोला."

शेवटी ठरलं की जे दुकानात टांगण्यासारखं नाही ते जमनाने न्यायचं. ती रोज दुपारी येऊ लागली. ढीग पायाने चाळून म्हणायची, "तुमच्याकडे पण लोक कचराच देतात. मला वाटलं मलाच देतात." त्यावर दोघी हसायच्या.

पण विकत घेणारा कोणी येईना. येत होते, हात लावत होते, परत जात होते. मी हँगरवर होतो, मला कारण ऐकू येत होतं.

"अगं, ही तर रुपालीची डोहाळजेवणाची साडी."

"कुठली?"

"ही बघ. इथे आमरस सांडला होता तिच्यावर. मी शेजारीच होते."

"मग नको बाई. हळदीकुंकवाला नेसून गेले आणि तीच समोर आली तर?"

एकाने धीर करून एक शर्ट नेला. निळा, बारीक चौकडीचा. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे राकेश त्याला म्हणाले, "छान शर्ट आहे. माझ्याकडे पण असाच होता." मग त्यांनी खिशाजवळचा शाईचा ठिपका पाहिला आणि उरलेले मजले दोघेही आकडे बघत राहिले. तो शर्ट संध्याकाळी परत आला.

चूक काय झाली होती ती आता सांगायला सोपी आहे. जिथले कपडे तिथेच टांगले होते. जिथे कोणाच्या घरी कुठली भाजी फोडणीला पडली हे जिन्यात कळतं, तिथे कोणाची साडी कोणी नेसली हे कळणार नाही का? दूध उसनं चालतं, विरजण चालतं, लग्नाला दागिनाही चालतो. पण शेजाऱ्याचा शर्ट अंगात घालून त्याच शेजाऱ्यापुढे लिफ्टमध्ये उभं राहणं कोणालाही जमत नाही. पूर्वीला हे कळत नव्हतं. ती घरी जाऊन म्हणायची, "मला वाटलंच होतं. हे माझ्याने होणारं काम नाही. कोणालातरी विचारून करायला हवं होतं."

"कोणाला?" विनीत विचारायचा.

"ते पण मला माहीत नाही."

आणि इथे माझा प्रवेश होतो. नम्रपणे सांगतो, पण सांगतोच. त्या सगळ्या दुकानात एकटा मीच असा होतो की ज्याला कोणी ओळखत नव्हतं.

"हा कोणाचा गं?" बायका विचारायच्या.

"गिरगावातून आलाय."

"गिरगावातून? मग बघू." आणि 'मग बघू' म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. तीच बाई जी रुपालीच्या साडीला बोट लावत नव्हती, ती मला उलटा करून माझी शिवण बघायची, घेर पसरवायची, भाव विचारायची.

तिसऱ्या का चौथ्या बाईने मला असं उलटंपालटं केलं तेव्हा पूर्वीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती काउंटरवरून उठली, मला हँगरसकट उचललं आणि त्या बाईला म्हणाली, "हा नाही विकायचा." बाई वैतागून गेली. पूर्वीने तिथूनच कमलमावशीला फोन लावला. "मावशी, तुमच्या वाडीतले कपडे मला पाठवा. सगळे. आणि आमच्याकडचे मी तुमच्याकडे आणते."

तेव्हापासून दुकानाचा एकच नियम. जिथलं तिथे नाही. लालबागचं गिरगावात जातं, गिरगावचं लालबागला येतं. महिन्यातून एका रविवारी टॅक्सीत गाठोडी भरून पूर्वी गिरगावात जाते आणि कमलमावशीच्या वाडीतल्या छोट्या हॉलमध्ये विक्री लावते. रुपालीची डोहाळजेवणाची साडी पहिल्याच रविवारी गेली. ज्या बाईने घेतली ती म्हणाली, "आमरसाचा डाग आहे वाटतं. शुभ असतो." कोणी सांगितलं तिला, देव जाणे.

नाव मात्र कालिंदीमुळे बदललं. एकदा ती गाळ्यात बसून ब्लाउजना हूक लावत होती. एक नवी नवरी येऊन उभी राहिली, साडी आवडलेली, पण पाय निघेना. म्हणाली, "कोणीतरी नेसलेली आहे ना."

कालिंदी हूक दातात धरूनच म्हणाली, "तू तुझ्या नव्या साडीची घडी कोणाकडून मोडून घेतेस?"

"बहिणीकडून."

"का?"

"असंच. आपल्या माणसाने आधी नेसलेली बरी असते."

"मग ह्या साडीची पण कोणीतरी घडी मोडून दिलीय तुला. बहीण गिरगावची म्हण."

नवरीने साडी घेतली. दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी पाटी उतरली आणि 'घडीमोड' अशी नवी पाटी चढली. रक्तदाबाची गोळी मागायला त्यानंतर कोणी आलं नाही.

मी तेव्हापासून दारातल्या हुकावर असतो. जो विकला जाऊ शकत होता त्यालाच न विकण्यासाठी ठेवलंय, ही पूर्वीची व्यापारबुद्धी. पण मी रस्त्यावरून दिसतो आणि बायका थांबतात, तेव्हा तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. दिवाळीनंतर परळला एक खोली भाड्याने घेतली गेली. लहानशी, पण संडास आत आहे आणि खिडकीला पडदा आहे. पडदा आमच्याकडचाच, मूळचा कॉटन ग्रीन भागातल्या एका आजींच्या बेडरूममधला. त्या खोलीत आता एका वेळी दोन कुटुंबं राहतात आणि पोरांना रात्री गार लागत नाही.

एवढं झाल्यावर एखादी बाई शांत झोपली असती. पूर्वीचा प्रश्न होता तिथेच होता. मनवा शाळेतून आली की ती तिचा चेहरा वाचायची. जरा उतरलेला दिसला की लगेच विचारायची, "काय झालं? कोणी काही बोललं का?" मनवा म्हणायची, "डब्यात भेंडी होती." पूर्वी सुटकेचा निःश्वास टाकायची आणि दुसऱ्या दिवशीही भेंडीच द्यायची.

आणि एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, पण दारात टांगलेल्याला दिसतं. मनवाच्या अंगावर दुकानातलं कधीच काही नसायचं. तिचे कपडे दादरहून यायचे, नवे, टॅगसकट.

हे माझ्याआधी रमाबाईंनी बोलून दाखवलं. रमाबाई पलीकडच्या चाळीतल्या, पोळीभाजीचे डबे करतात. दर आठवड्याला येतात, दर वेळी काहीतरी घेतात आणि दर वेळी काहीतरी सुनावून जातात. त्या दिवशी नातवासाठी स्वेटर बांधून घेताना म्हणाल्या, "एक विचारू? राग नको मानू."

"विचारा ना."

"तुझ्या लेकीच्या अंगावर इथलं कधी बघितलं नाही. आमच्या पोरांना चालतं, तिला चावतं होय?"

पूर्वीने स्वेटरची गाठ दोनदा बांधली. "तसं नाही हो, तिला बसेल असं काही आलं नाही."

रमाबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मनवाकडे, जी कोपऱ्यात बसून हँगरांची आगगाडी करत होती. मग परत माझ्याकडे. स्वेटर काखेत मारला आणि निघाल्या. 

त्या गेल्यावर मनवा म्हणाली, "आई, मला हा होईल." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"आपण तुला नवीन घेऊ ना, राजा."

"हा का नको?"

पूर्वीकडे एक उत्तर होतं, पण ते पोटच्या पोरीला कसं सांगणार? तुला कोणी हसलं तर मला सहन होणार नाही, हे ते उत्तर. तिने मला हुकावरून काढलं, मनवाच्या अंगाला लावून बघितलं. लांबी बरोबर होती. खांदे बरोबर होते. खोटं बोलायला जागाच नव्हती.

परवाच्या रविवारी गिरगावची विक्री होती. कालिंदीही मदतीला निघाली, म्हणून मनवाही निघाली. सकाळी गाठोडी, पाण्याच्या बाटल्या, सुट्टे, इस्त्री, मनवाचा खाऊ, विनीतचं "मी खाली टॅक्सी थांबवतो, लवकर या" आणि त्या सगळ्या धांदलीत पूर्वीने मनाचा हिय्या करून मला मनवाच्या डोक्यातून खाली ओढलं. मानेमागचं वरचं बटण तिला लावता येईना, ते तसंच सोडून ती स्वतःशीच म्हणाली, "बघू देत सगळ्यांना." मला वाटलं, शाब्बास. टॅक्सीत बसल्यावर मनवाने माझा घेर गुडघ्यांवर पसरला आणि मी पुन्हा कोणाच्या तरी अंगावर होतो. ते सुख सांगता येत नाही. हुकावर कितीही मान असला तरी आत ऊब नसते.

लालबागचा पूल मागे पडला, भायखळा गेला, आणि टॅक्सी गिरगावाकडे वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुणाजी मास्तरांच्या दुकानाची पाटी खिडकीतून मागे गेली. जिथलं तिथे नाही. हा नियम जिने केला, जिने तो माझ्याकडे बघूनच केला, तिनेच मला माझ्या गल्लीत आणलं होतं, आणि तेही आपल्या मुलीच्या अंगावर. सगळ्या रात्री जागून तिने सगळ्या शक्यतांचा विचार केला होता. ही एक सोडून.

फ्रॉकला ओरडता येत नाही. येत असतं तरी मी ओरडलो नसतो, कारण मनवा त्या वेळी खिडकीच्या काचेत माझा काठ बघत होती.

पुढचं सांगण्याआधी माझी एक विनंती आहे, ती ऐकून घ्या, नंतर बोलायला जागा मिळणार नाही. तुमच्या माळ्यावरची ती पिशवी खाली काढा. तोंड सोडा. आतल्यांना उजेड दाखवा. एका पायाचा मोजा फेकून द्या, त्याला आता आशा नाही. बाकीच्यांना जाऊ द्या, जरा लांब, दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या अंगावर. आमच्या आयुष्याला विसावा नको असतो. आम्हाला गुडघे खरचटणारी, आमरस सांडणारी, वेळेवर न वाढणारी आणि नको तेव्हा वाढणारी माणसं लागतात. एवढंच मागणं.

तर हॉल भरला होता. लालबागच्या साड्या टेबलांवर उलगडल्या जात होत्या. कमलमावशी बिनसाखरेचा चहा फिरवत होती आणि कोणी साखर मागितली की "मला आहे ना मधुमेह, तुम्ही पण प्या" म्हणत होती. पूर्वी एका गिऱ्हाइकाला पैठणीचा काठ दाखवत होती, छान दाखवत होती, आत्मविश्वासाने. मनवा खुर्च्यांच्या मधून माझा घेर फिरवत पळत होती. तेवढ्यात दारातून शर्वाणी आली, आईबरोबर, एका मैत्रिणीबरोबर. खूप उंच झाली होती. मला ती लगेच ओळखू आली. मीही तिला लगेच ओळखू आलो.

"आई, तो माझा फ्रॉक आहे," ती म्हणाली. हळू बोलायचं वय नव्हतंच तिचं.

"शर्वाणी," तिची आई दबक्या आवाजात म्हणाली.

"पण आहेच. आजीच्या साडीचा. तो काठ बघ."

टेबलांवरचे हात थांबले. बायकांनी एकदा मनवाकडे बघितलं, एकदा पूर्वीकडे. त्या हॉलमध्ये असं घडू नये म्हणून तर सगळा खटाटोप होता. मैत्रीण खुदकन हसली आणि शर्वाणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे हिने तुझा जुना घातलाय?"

मनवा थांबली. माझा घेर एक गिरकी उशिराने थांबला.

 पूर्वीच्या हातातली पैठणी टेबलावर घसरली. ती पुढे निघाली, आणि ओठांवर काय होतं ते मला दिसत होतं. 'अगं नाही, तसाच दुसरा शिवून घेतलाय' हे होतं. कालिंदीने तिचा दंड धरला. "थांब गो," एवढंच म्हणाली. पूर्वीने हात सोडवायचा प्रयत्न केला, मग केला नाही.

मनवाने मान खाली घालून माझ्याकडे बघितलं. मग शर्वाणीकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग तिने शर्वाणीकडे पाठ फिरवली. पूर्वीने डोळे मिटले.

पाठमोरी उभी राहून, मानेवरचे केस दोन्ही हातांनी वर धरून मनवा म्हणाली, "बरं झालं तू आलीस. हे वरचं बटण लाव ना. माझ्या आईला लावताच येत नाही."